मदत हवी आहे: घरामागे जमिनीला भेग पडलीय, सिमेंटने भरू का?

वहाळकाठ: सकाळी आईचा फोन आला. मागीलदारी फणसाच्या वरच्या अंगाला भेग पडलीय. बाबांनी कोयता घातला तर मुठीपर्यंत आत गेला. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सिमेंट ओतून भेग बंद केली तर चालेल का? मी ठाण्यात आहे, पोचायला उद्या दुपार होईल. लगेच सांगा.

जांभ्याचं घर: गाव कुठलं? भेग उताराला आडवी की उभी? घर किती लांब?

वहाळकाठ: चिपळूणजवळ. बाकीचं नंतर, आधी सिमेंटचं सांगा.

ओळंबा: भरून टाका. आमच्या अंगणातली भेग एकास चार मालाने भरली, पाच पावसाळे झाले, हललेली नाही.

जांभ्याचं घर: ओळंबादादा, अंगण वेगळं आणि डोंगराचा उतार वेगळा. वरून मुरलेलं पाणी खाली कातळावर किंवा चिकण थरावर अडतं. वरची माती पाण्याने जड होते, कणांची पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो. उताराला आडवी भेग म्हणजे तो थर सुटायला लागलाय. सिमेंट त्याला काय धरणार? भेग चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री घालतात, वरचं पाणी चर काढून बाजूच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडतात. पण ते पाऊस उघडल्यावर, दिवसाउजेडी, जाणत्या माणसाने पाहिल्यावर. आत्ता तिकडे कोणीही जाऊ नका. घराची दारं अडकतायत का?

वहाळकाठ: आईला विचारलं. कालपासून न्हाणीघराचं दार लागत नाही, लाकूड फुगलं असेल असं तिला वाटलं. भेग आडवी आहे, फणसापासून गोठ्यापर्यंत. घर खाली वीस पावलांवर. आणि हो, मे महिन्यात वाडीचा रस्ता रुंद करताना पायथा जेसीबीने उभा कापलाय.

जांभ्याचं घर: अहो, हे आधी सांगायचं! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्यांना. १०७७ ला फोन करा, तो जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर आहे. ठाण्यातून लागला नाही तर गावातून कोणालातरी लावायला सांगा.

हिरवा_माथा: वाळा लावा. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. झाडं तोडली की दरडी येणारच.

घाटवाट: वाळा रुजायला वेळ लागतो, यांच्याकडे आजची रात्र आहे. आणि सगळं झाडांवर ढकलू नका. इर्शाळवाडीच्या वर जंगल होतं, तरी १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती.

हिरवा_माथा: माळीणला शेतीसाठी डोंगरउताराचं सपाटीकरण केलं होतं, ते विसरलात का?

घाटवाट: विसरलो नाही. ३० जुलै २०१४ ला तिथे १५१ माणसं गेली. सकाळी एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही. म्हणून म्हणतो, कारणांवर उद्या भांडू.

मळभ: विजा चमकत असतील तर दामिनी ॲप घ्या, जवळ वीज पडायची शक्यता असेल तर आधी कळतं.

वहाळकाठ: विजेचं विचारलं नव्हतं हो. बाबा ऐकत नाहीयेत. म्हणतात, २००५ च्या पावसात काही झालं नाही, आता काय होणार. गोठ्यात दोन म्हशी आणि पाडी आहे.

पडवीतली_मावशी: अरे बाळा, त्यांचा जीव गुरांत अडकलाय. 'घर सोडा' म्हणू नकोस, 'म्हशी खाली शाळेकडे न्या' म्हण. २०२१ ला माझ्या दिरांना आम्ही असंच बाहेर काढलं. पोलीसपाटलांनाच पाठव, मुलाचं ऐकत नाहीत ते त्यांचं ऐकतात.

जांभ्याचं घर: २००५ ला पायथा शाबूत होता. हे सांगा बाबांना.

वहाळकाठ: पोलीसपाटील गेले होते. आई शाळेत पोचली, बाबाही म्हशी घेऊन आले. मावशी, तुमचे पाय धरतो. निघताना बाबांनी लांबून बॅटरी मारली. सकाळी भेगेत बोट जात होतं, आता पाऊल जाईल म्हणतात. खालच्या तीन घरांनाही उठवलंय. आता भूवैज्ञानिकांकडून जागेची पाहणी हवी असेल तर अर्ज तलाठ्याकडे द्यायचा की थेट तहसीलला? कोणी केलाय का?