उत्तर: अरबीतून थेट मराठीत

इंग्रजीत सगळं उपलब्ध असताना विद्यापीठात अरबी शिकून थेट मराठीत अनुवाद कशाला, असं एकाने विचारलंय. एक साधं उदाहरण देतो. अरबीत पुरुषाला 'ज़हबता' आणि बाईला 'ज़हबती'. मराठीत 'तू गेलास', 'तू गेलीस'. चपखल! इंग्रजीवरून आलात की कोण कोणाशी बोलतंय हे अंदाजाने ठरवायचं.

उलट अडचणही आहे. 'ज़हबतु' या 'मी'च्या रूपात बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही, मराठीत मात्र 'गेलो' किंवा 'गेले' यातलं एक निवडावंच लागतं. कवितेत कवीने ते मुद्दाम झाकलं असेल तर अनुवादक फसला.

शिकताना खरा घाम कोशात निघतो. हान्स वेअरच्या अरबी-इंग्रजी कोशात शब्द धातूप्रमाणे, म्हणजे मूळ व्यंजनांप्रमाणे लावलेले, त्यामुळे 'मक्तब' (कचेरी) म-खाली नाही, क-त-ब खाली सापडतो. इथे मराठी माणसाला थोडी सवलत: आपले महसूल आणि तहसील दोन्ही ह-स-ल चेच. फक्त आजच्या अरबीत 'महसूल' म्हणजे शेतातलं पीक, तेव्हा जपून.

आणि हो, वर्गात शिकवतात ती फ़ुसहा, म्हणजे प्रमाण, ग्रांथिक अरबी. कैरोच्या रिक्षावाल्याशी ती बोललात तर तो आधी हसेल.