मित्रकीटक ही पगारदारांची चैन आहे काय?

वारणाकाठ : काल ‘बागाईतदार’ यांनी येथे लिहिले की पिकावरच्या किडी मारणारे मित्रकीटक आणि उपयुक्त बुरशी ही पगारावर शेती करणाऱ्यांची चैन आहे, आणि ज्याच्या नावावर सोसायटीचे कर्ज आहे त्याने निमूटपणे औषध मारावे. ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. सोसायटीचे कर्ज आमच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या काळापासून आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसाचा रस शोषणारा लोकरी मावा आला तेव्हा आमचा आडसाली ऊस दोन पुरुष उंच होता. पानाखाली पांढरी लोकर, पानावर माव्याच्या गोड चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी, आणि तशा फडात पाठीवर पंप घेऊन आम्ही दोघे भाऊ दोनदा शिरलो. पंधरा दिवसांत मावा बांधावरून पुन्हा हजर झाला. पुढच्या हंगामात कारखान्याच्या शेतकी खात्याने डिफा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाच्या अळ्या असलेली पाने आणून उसात अडकवली आणि यापुढे पंपाला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. ज्यांनी ताकीद पाळली त्यांच्या फडात डिफा टिकली, मावा खात पुढे सरकली. याला चैन म्हणत असतील तर ती आम्ही नाइलाजाने केली.

बागाईतदार : आपल्या भावाच्या पाठीविषयी सहानुभूती आहे, परंतु ऊस हे क्षमाशील पीक आहे, वजन घटले तरी कारखाना नेतो. द्राक्षाचे तसे नाही. फळांसाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात रात्रभर पाऊस लागला की डाऊनी हा रोग घडावर उतरतो, आणि दोन दिवस वाट पाहणाऱ्याने पुढे वर्षभर बँकेची वाट पाहावी. शिवाय आपला मावा डिफाने खाल्ला की हवामान बदलल्याने ओसरला, हे आपण कसे ठरवले? मी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीचा डबाही आणून पाहिला आहे. दुकानदाराने तो खताबरोबर गळ्यात मारला होता, आणि एप्रिलभर तो पत्र्याखाली शिजत पडलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यात बुरशी होती की नुसती शंखजिऱ्याची पूड, हे देव जाणे.

काळी कसदार (यवतमाळ) : डब्याचा विषय निघालाच आहे तर माझेही ऐका. दोन वर्षांपूर्वी मी ‘शंभर टक्के जैविक’ असे छापलेली, अळीवरच्या बुरशीची बाटली घेतली, सकाळी फवारली आणि संध्याकाळी अळ्या टपाटप खाली पडल्या. शेजारच्या सगळ्यांनी वाहवा केली. मला मात्र घाम फुटला, कारण बुरशीने अळी मरायला काही दिवस जातात. संध्याकाळपर्यंत मरते ती कशाने, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. माझे दीर त्या वर्षी अकरा दिवस दवाखान्यात होते. म्हणून मी जैविकाकडे वळले, आणि त्याच नावाखाली मला पुन्हा विषच विकले गेले.

बागाईतदार : म्हणजे ताई, आपण माझीच बाजू मांडली.

काळी कसदार (यवतमाळ) : मुळीच नाही. भेसळीचे दूध मिळाले म्हणून म्हशीला कोणी दोष देत नाही.

निवृत्त कीटकवाला : मी ट्रायकोकार्ड तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली, त्यामुळे आमचाही दोष सांगतो. एका कार्डावर पतंगाची सुमारे २०,००० अंडी असतात, आणि त्यांतून ट्रायकोग्रामाच्या, म्हणजे किडींची अंडी नष्ट करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या कधी निघणार हे जवळजवळ दिवसावर ठरलेले असते. एकदा कार्डे वाटण्यासाठी मोठा समारंभ ठेवला गेला. पाहुणे तीन तास उशिरा आले, मग भाषणे झाली, आणि शेतकऱ्यांच्या हाती पाकिटे पडली तेव्हा माश्या पाकिटातच बाहेर पडून फिरत होत्या. ‘जैविकाचा गुण येत नाही’ असे त्या गावात आजही सांगतात. हा जिवंत माल आहे; तो युरियाच्या पोत्यासारखा कोपऱ्यात टाकून चालत नाही. डाऊनीच्या बाबतीत मात्र बागाईतदारांचे बरोबर आहे. तेथे थांबायला वेळच नसतो.

वारणाकाठ : त्यांना इतक्या सहज सोडू नका. काढणीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यात भुरी रोगावर बॅसिलस हे उपयुक्त जिवाणू कोण फवारते, हे त्यांनी येथे सांगावे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, आणि तेव्हापासून हेच बागाईतदार ‘रेसिड्यू’ हा शब्द देवाच्या नावासारखा घेतात. साहेबांच्या ग्राहकासाठी जैविक चालते, आमच्या उसासाठी ती चैन ठरते!

बागाईतदार : भाषा सांभाळावी. बॅसिलस मी फवारतो, कारण खरेदीदार रेसिड्यूचा अहवाल मागतो. त्यात माझ्या श्रद्धेचा प्रश्न येत नाही. आता आपण घरात घुसलाच आहात तर एक गोष्ट मीच सांगतो, नाहीतर आमच्या भावकीतून कोणीतरी सांगेलच. मिलीबग या पांढऱ्या रसशोषक किडीसाठी मी तिला खाणारे क्रिप्टोलेमसचे भुंगेरे विकत आणून बागेत सोडले. काही आठवड्यांनी पाहतो तो वेलींच्या ओलांड्यांवर, म्हणजे आडव्या फांद्यांवर, पांढऱ्या, मेणचट, झिपऱ्या किड्यांची गर्दी झालेली. मिलीबग दुप्पट झाला असे समजून मी सहा बायका लावल्या आणि दोन दिवस फडक्याने ते सगळे पुसून काढले. सुटीला आलेल्या पुतणीने एक किडा तळहातावर घेतला आणि विचारले, “काका, भुंगेऱ्यांची पिल्ले का मारताय?” त्या अळ्या हुबेहूब मिलीबगसारख्याच दिसतात, हे मला भुंगेरे विकणाऱ्याने सांगितले नव्हते.

निवृत्त कीटकवाला : पुसायच्या आधी एक किडा बोटाने हलवून पाहायचा होता. अळी चपळ असते, लगेच पळते. मिलीबग सुस्त असतो. आणि खोडावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा. चिकट्याच्या लोभाने त्या मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना टिकू देत नाहीत.

बागाईतदार : हे आधी समजले असते तर सहा जणींची दोन दिवसांची मजुरी वाचली असती. डाऊनीला मी औषधच मारणार. भुंगेरे या वर्षी पुन्हा मागवतो आहे, आणि मजुरांना अळी आधी दाखवीन.

वारणाकाठ : मग कालचे ‘चैन’ हे विधान मागे घेतले, असे समजावे काय?

बागाईतदार : नाही.