उन्हाळ्यात दुपारी गॅसजवळ उभे न राहता जेवण कसे सांभाळावे?

चैत्रपालवी, अमरावती

गेल्या जूनमध्ये आम्ही ठाण्याहून अमरावतीला राहायला आलो, त्यामुळे येथील पुरा उन्हाळा मी यंदा पहिल्यांदाच अनुभवत आहे. स्वयंपाकघर पश्चिमेकडे आहे आणि साडेदहानंतर तेथे उभे राहणे अशक्य होते, कारण कूलरची हवा तिथपर्यंत पोहोचत नाही. घरात सासरे आहेत, वय ७८, रक्तदाबाची गोळी चालू. दुपारी ते पोळीभाजीचे ताट पाहूनच नको म्हणतात आणि दोन घास खाऊन उठतात, याची मला फार काळजी वाटते. ठाण्याच्या सवयीने मी अकरा वाजता स्वयंपाकाला लागत असे, ते येथे जमणार नाही हे कळले. पण सकाळी लवकर करून ठेवलेले टिकत नाही, ही दुसरी अडचण.

तीन गोष्टी सतत बिघडत आहेत. रात्री दहाला विरजण लावलेले दही दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत इतके आंबट होते की सासरे तोंडात धरत नाहीत. कैरीचे पन्हे करून बाटलीत भरून ओट्यावर ठेवले होते, तर तिसऱ्या दिवशी झाकण उघडताच फस्स आवाज झाला आणि वर फेस आला. सकाळी केलेल्या भाताला रात्री आंबूस वास येतो आणि तो टाकून द्यावा लागतो, त्याचे वाईट वाटते. सकाळी आठच्या आत करून ठेवता येतील, दुपारी गार खाल्ले तरी चालतील आणि वयस्कर माणसाला रुचतील असे पदार्थ कृपया सविस्तर सांगावेत. त्याचबरोबर वरच्या तिन्ही बाबतींत माझे काय चुकते आहे तेही सांगावे.


वऱ्हाडी काकू, अकोला

चैत्रपालवी, तुझी अडचण मी चाळीस उन्हाळे अनुभवली आहे, त्यामुळे आधी वेळेबद्दल सांगते. आमच्याकडे होळी झाली की स्वयंपाकाचे घड्याळ बदलते. पहाटे साडेपाचला गॅस पेटतो आणि साडेसातला बंद होतो, तो एकदम संध्याकाळी दिवेलागणीनंतरच पुन्हा पेटतो. एकदा ही शिस्त लागली की दुपारचे जेवण गरमच हवे, हा आग्रह घरातली माणसे आपोआप सोडतात.

सासऱ्यांसाठी ज्वारीची आंबील करून बघ. रात्री चार मोठे चमचे ज्वारीचे पीठ एक वाटी ताकात गुठळ्या न ठेवता कालवून झाकून ठेवायचे. सकाळी तीन वाट्या पाण्यात चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, अर्धा चमचा जिरे आणि बेताचे मीठ घालून उकळी आणायची, त्यात ते भिजवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने सतत ढवळायचे, आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजू द्यायचे. पिठाचा कच्चा वास जाऊन वर चकाकी आली की झाले. निवल्यावर ती घट्ट होते. दुपारी वाढताना त्यात गार ताक घालून पिण्याइतकी पातळ करावी आणि वरून बारीक चिरलेला सांबार, म्हणजे तुमच्या ठाण्याकडची कोथिंबीर, घालावी. ज्याला चावण्याचा कंटाळा येतो तो माणूससुद्धा दोन वाट्या आंबील सहज पितो, आणि त्याच्या पोटात धान्यही जाते व पाणीही.

तोंडाला चव येण्यासाठी कैरीचा तक्कू करावा. गावरान आंबट कैरी किसून घ्यायची, तितकाच बारीक चिरलेला कांदा घालायचा, कैरीच्या आंबटपणाच्या मानाने गूळ, तिखट आणि मीठ घालून कालवायचे, आणि मोहरी, मेथीदाणे व हिंगाची फोडणी पूर्ण गार झाल्यावरच वर ओतायची. गरम फोडणी घातली तर किसाला पाणी सुटते आणि कांदा उग्र लागतो. सकाळच्या भाकरीबरोबर हा तक्कू असला की दुपारी भाजीची आठवणही होत नाही. दहीभातही चांगला, आम्ही कोमट भातात दूध आणि चमचाभर दही सकाळीच कालवून ठेवतो, जेवायच्या वेळेपर्यंत ते गोडसर लागते.

नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मेपासून असतो. तोपर्यंत या गोष्टींची सवय झालेली असू दे, कारण त्या दिवसांत नवीन काही शिकण्याचे त्राण राहत नाही.


आगळ, कुडाळ

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घामाचा, तुमच्याकडे कोरडा, हा फरक मला मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण एका भागातली युक्ती दुसऱ्या भागात तशीच लागू होत नाही. माझी बहीण नागपूरला दिली आहे. तिच्या घरच्या माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार होते आणि आमच्या माठातले जेमतेम निवलेले असते. माठाच्या भिंतीतून झिरपणारे पाणी हवेत उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. आमच्या हवेत आधीच इतका ओलावा असतो की ते उडतच नाही. तुमच्याकडे मात्र माठ हे मोठे साधन आहे. तो वाऱ्याच्या वाटेत, तिवईवर ठेवावा, बाहेरून नुसत्या काथ्याने घासावा आणि साबण मुळीच लावू नये, कारण मातीची छिद्रे बुजली की माठ गारवा देत नाही. दह्याचे भांडे माठाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून त्याभोवती ओले फडके गुंडाळले, तरी फरक पडतो.

पदार्थ म्हणून सोलकढी सुचवण्याचा मोह होतो, पण नारळाचे दूध तुमच्या हवेत दोन-तीन तासांत उतरेल. म्हणून ती करायचीच असेल तर जेवायच्या थोडे आधी करावी आणि उरवू नये. त्यापेक्षा दडपे पोहे तुमच्या कामाचे आहेत, कारण त्यांना फोडणीपुरताच गॅस लागतो. आम्ही ओले खोबरे आणि शहाळ्याचे पाणी वापरतो. तुम्ही पातळ पोह्यांत किसलेली काकडी तिच्या सुटलेल्या पाण्यासकट, थोडी किसलेली कैरी, कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि चिमूटभर साखर घालावी, हाताने दाबून वर जड ताटली ठेवावी आणि अर्धा तास थांबावे. पोहे त्या रसातच मऊ होतात. फोडणी सकाळी करून वाटीत झाकून ठेवलेली असली तर दुपारी गॅसजवळ जावेच लागत नाही.

आमसुले मात्र जरूर मागवावीत. चार-पाच आमसुले पाण्यात तासभर भिजवून कुस्करली, जिरेपूड आणि साखर घातली की सरबत तयार. सासऱ्यांचा रक्तदाब लक्षात घेता खारवलेले आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, देऊ नये, कारण त्यात मीठ भरपूर असते. आमसुलेही आधी धुऊन घ्यावीत.


मसाल्याचा डबा, पुणे

मी अनेक वर्षे दुग्धव्यवसायातील प्रयोगशाळेत काम केले, त्यामुळे तुमच्या तीन तक्रारींबद्दल जरा विस्ताराने लिहिते.

दही बिघडत नाही, ते फार वेळ लागत राहते. विरजणातील जिवाणूंना साधारण ४० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. थंडीत आपण भांडे गोधडीत गुंडाळून ती ऊब देतो, तर तुमच्या स्वयंपाकघरात ती आयतीच मिळते. रात्री दहाला लावलेले दही पहाटे तीन-चारला लागून तयार होते आणि त्यानंतर दुपारपर्यंतचा सगळा वेळ ते केवळ आंबट होत जाते. म्हणून विरजण पहाटे पाचला लावावे. एक लिटर दुधाला चहाचा अर्धा चमचा दही पुरे, दूध बोटाला जेमतेम कोमट लागेल इतके निवलेले असावे, आणि विरजण घालण्यापूर्वी ते वाटीत घोटून घ्यावे म्हणजे सगळीकडे सारखे मिसळते. साडेनऊ-दहाच्या सुमारास भांडे हलकेच कलते करून पाहावे. दही कडेपासून अखंड सुटले आणि हलले नाही की त्याच क्षणी फ्रिजमध्ये ठेवावे. तेथे आंबण्याची क्रिया अगदी मंदावते.

पन्ह्याला आलेला फेस हे यीस्टचे काम आहे. हवेतून, चमच्यावरून, ओल्या बाटलीतून ते आत जाते, गुळावर वाढते आणि वायू सोडते. तुम्ही बहुधा पाणी घालून तयार केलेले पन्हे बाटलीत भरले असावे. साठवायचा असतो तो गर, पन्हे नव्हे. कैऱ्या कुकरमध्ये उकडून गर काढावा आणि वाटीने मोजावा. एक वाटी गराला दोन वाट्या चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तो पूर्ण विरघळेपर्यंत आणि मिश्रणाला एक-दोन चांगल्या उकळ्या येईपर्यंत शिजवावे. गूळ इतका भरपूर असला की यीस्टला वाढण्यासाठी लागणारे मोकळे पाणी मिश्रणात फारसे उरत नाही. वेलदोडा, केशर आणि मीठ शेवटी घालावे. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि प्रत्येक वेळी कोरडाच चमचा वापरावा. वाढताना पेल्याला दोन मोठे चमचे गर आणि माठाचे पाणी. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात हे मुळीच करू नये, आंबटपणाने धातू पदार्थात उतरतो. आणि ज्या बाटलीत फेस आला ती पुन्हा उकळून वापरण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा.

भाताची गोष्ट अधिक गंभीर आहे, म्हणून काकूंबद्दल पूर्ण आदर ठेवून त्यांच्या दहीभाताबाबत थोडे वेगळे मत मांडते. तांदळावर असणाऱ्या एका जातीच्या जिवाणूंची बीजे शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात खोलीतल्या उष्णतेत तासन् तास राहिला तर ती वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातले उलटीला कारण होणारे विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे वास आलेला भात टाकला याचे वाईट वाटून घेऊ नका. वास आला नाही म्हणून तो चांगलाच आहे असेही समजू नका. खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेले अन्न तासाभराहून अधिक बाहेर राहू देऊ नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य सल्ला आहे. सकाळी भात झाला की ताटात पातळ पसरून पंख्याखाली निववावा आणि डब्यात भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. दही वेगळे ठेवून दोन्ही गार असतानाच दुपारी कालवावे. शिजवलेल्या आंबिलीलाही हेच लागू करावे. वयस्कर माणसाच्या बाबतीत इतकी काळजी घेणे मला आवश्यक वाटते.


वऱ्हाडी काकू, अकोला

मसाल्याचा डबा, तुमचे म्हणणे मला पटले. आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरात जाड मातीच्या भिंतींमुळे दुपारीही गारवा असे, त्यामुळे तेथे जे चालले ते आता पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या स्वयंपाकघरात चालेलच असे नाही, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. उद्यापासून मीही भात पसरून निववीन.


तुळशीवृंदावन, सोलापूर

एकच भर घालते. माझ्या वडिलांचे असेच झाले होते, आणि वय वाढले की तहान लागल्याचे कळतच नाही, हे तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. त्यामुळे मागण्याची वाट न पाहता दर दीड-दोन तासांनी अर्धी वाटी काहीतरी पातळ हातात द्यावे. मात्र दिवसभरात किती पाणी आणि मीठ चालेल हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे. ताकातल्या मिरच्या, लोणचे आणि पापड त्यांच्या ताटात नसावेत. त्याऐवजी आमच्याकडचे डांगर द्यावे: भाजलेल्या उडदाच्या डाळीचे पीठ ताकात कालवून, त्यात कच्चा कांदा आणि गार फोडणी. पीठ महिनाभर डब्यात राहते आणि दुपारी दोन मिनिटांत पदार्थ होतो.


चैत्रपालवी, अमरावती

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस हे सगळे नेमाने केले आणि आता लिहीत आहे. पहाटे पाचला लावलेले दही पावणेदहाला लागते. काल वाटी उलटी धरली तरी ते जागचे हलले नाही, आणि सासऱ्यांनी साखर न घालता खाल्ले. आंबील पहिल्या दिवशी माझ्याकडून गुठळ्यांची झाली, कारण मी पीठ एकदम ओतले. दुसऱ्या दिवशी मुलीने ओतले आणि मी ढवळले, तेव्हा नीट जमली. आता अकराच्या सुमारास सासरे स्वतःच ओट्याजवळ येऊन फ्रिजमधली आंबील बाहेर काढली का, असे विचारतात. डॉक्टरांनी मीठ निम्मे करायला सांगितले आहे, म्हणून लसूण आणि जिरे थोडे वाढवले. भात आता सकाळी मोजकाच करते, त्यामुळे टाकावा लागत नाही.

पन्ह्याचा गर तीन वाट्या निघाला, सहा वाट्या गूळ घातला, आणि बरणी फ्रिजमध्ये आठ दिवस जशीच्या तशी आहे. एक शंका राहिली: घरात अजून दोन किलो कैऱ्या आहेत आणि त्या पिवळ्या पडू लागल्या आहेत. त्यांचेही पन्हेच करावे का?


वऱ्हाडी काकू, अकोला

पिवळी पडलेली कैरी गोडसर होते, तिच्या पन्ह्याला धार येत नाही. सोलून, किसून, त्याच दिवशी गुळांबा कर. कीस आधी नुसता वाफवून घे, मग किसाइतकाच गूळ घाल, आणि पाक दोन बोटांत धरल्यावर एक तार निघाली की गॅस बंद कर. पहाटेच करायला घे, कारण ढवळत तासभर उभे राहावे लागेल.