मदत हवी आहे: व्यापार धोरणाच्या वकिलीत जाऊ का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

अधांतरी_वकील:
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. दिल्लीहून ऑफर आलीय, शुक्रवारी हो-नाही सांगायचंय. डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना), मुक्त व्यापार करार ह्या कामात मला कॉलेजपासून यायचं होतं. सध्या मुंबईत सीमाशुल्काच्या केसेस करतो. घरचे म्हणतात, बसलेली घडी मोडू नकोस. ह्या क्षेत्रात पुढे काही आहे का? वकिलीच्या सनदीचं काय होतं? प्रत्यक्ष काम केलेल्यांनीच लिहा. यूपीएससी कर, एमबीए कर असले सल्ले कृपया नकोत.

पार्लेकर_आजोबा:
यूपीएससी का नको म्हणे? भारतीय व्यापार सेवा नागरी सेवा परीक्षेतूनच भरतात. आणि जिनिव्हात डब्ल्यूटीओच्या अपिलीय मंडळावर आजवर दोन भारतीय बसले, ए. व्ही. गणेशन आणि उजलसिंग भाटिया. दोघेही आयएएस. काय ते समजून घ्या.

मस्जिदबंदर:
आजोबा, त्याने पहिल्याच पोस्टमध्ये नको म्हटलंय.
धागाकर्ते, ऑफर कसली? फर्म, सरकारी संस्था, की उद्योगसंघटना? प्रॅक्टिस किती वर्षांची? सेस्टॅटला (सीमाशुल्काच्या अपिलांचं न्यायाधिकरण) स्वतः उभे राहता, की सिनियरच्या मागे फायली धरता? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तीन_तारे:
आठ वर्षं दिल्लीत हेच करतेय, म्हणून लिहिते. डब्ल्यूटीओ हे ताटातलं श्रीखंड. भारतात ह्या वकिलीचा वरणभात म्हणजे अँटी-डम्पिंग, म्हणजे बाहेरून पाडलेल्या भावात येणाऱ्या मालावरचं शुल्क. वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआरकडे (२०१८ पर्यंत डीजीएडी म्हणायचे) अर्ज, चौकशी, तोंडी सुनावणी, मग लेखी म्हणणं. शिफारस ते करतात, शुल्क लावायचं की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं. लागलं तर साधारण पाच वर्षं, नंतर फेरतपासणी. म्हणजे पाच वर्षांनी तेच अशील परत दारात.
निम्मं काम कायद्याचं नसतंच. प्रत्येक उत्तराच्या दोन प्रती कराव्या लागतात, गोपनीय आणि अगोपनीय. अगोपनीय प्रतीत खरे आकडे काढून तीन तारे टाकायचे, आणि पहिलं वर्ष १०० धरून पुढचे निर्देशांक द्यायचे. एकदा रात्री दीडला एक खरा उत्पादनखर्च तसाच राहिला. सकाळी दाखल करायच्या वीस मिनिटं आधी ज्युनिअरला दिसला. तेव्हापासून मी प्रत छापून घेते आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ बघते. कॉस्टिंगच्या तक्त्याचा कंटाळा असेल तर येऊ नका.

बर्नवासी:
ताई, तुम्ही मुलाला घाबरवताय. आधी एक चांगली मास्टर्स करा. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला वर्ल्ड ट्रेड इन्स्टिट्यूट आहे, मी तिथलाच. जिनिव्हा ट्रेनने दोन तासांच्या आत. विकसनशील देशांना डब्ल्यूटीओच्या खटल्यांत सल्ला देणारं एक केंद्र जिनिव्हात २००१ पासून आहे, अशा ठिकाणी ओळखी होतात.

तीन_तारे:
आणि तिथे लढणार काय? अपिलीय मंडळात सात सदस्य हवेत, एका अपिलाला तीन लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवल्या, डिसेंबर २०१९ मध्ये एकच उरला, नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचीही मुदत संपली. आपल्या साखरेचंच बघा. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, ग्वाटेमालाच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलचा निकाल विरुद्ध गेला, आपली एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, सुद्धा त्यात आली. त्याच महिन्यात आपण अपील केलं. ऐकायला कोणी नाही, निकाल लटकलेला. सरकारला हे सोयीचंच आहे, पण कर्ज काढून तिकडे शिकणाऱ्याला?

बर्नवासी:
खटले थांबले म्हणून धोरण थांबतं का? एफ्टा देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे) केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सह्या, युरोपचा आयात मालावरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून. पोलाद आणि ॲल्युमिनियमवाले आत्ता वकील शोधतायत. हे मसुदे वाचणार कोण?

तीन_तारे:
हे मात्र मान्य. पण त्याला बर्नची डिग्री लागते हे नाही. उत्पत्तीचे नियम (माल कोणत्या देशाचा धरायचा ते) मुंबईच्या सीमाशुल्कवाल्याला कोणत्याही एलएलएमवाल्यापेक्षा जास्त कळतात, कारण अडकलेला कंटेनर त्याने पाहिलेला असतो.

लासलगावकर:
वाचतोय. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा हे सगळे वकील कुठे होते? डब्ल्यूटीओत दाद मागता येते का? चाळीत माल सडला आमचा.

तीन_तारे:
दादा, तिथे फक्त सरकारं तक्रार करू शकतात, शेतकरी नाही. आणि गॅटच्या (डब्ल्यूटीओचा वस्तुव्यापाराचा मूळ करार) कलम ११ मध्ये निर्यातबंदीला मनाई असली तरी अन्नपदार्थांच्या तीव्र टंचाईत तात्पुरत्या बंदीची सूट आहे. टंचाई खरंच तीव्र होती का, हे दुसऱ्या देशाने विचारायला हवं. आपल्याला उच्च न्यायालय.

लासलगावकर:
म्हणजे बांगलादेशाने विचारायचं. बरं.

खवय्या_डोंबिवली:
दिल्लीत गेलात तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं कॅन्टीन विसरू नका.

अधांतरी_वकील:
लोकहो, काल दिवसभर कोर्टात होतो. सहा वर्षं प्रॅक्टिस, स्वतः उभा राहतो. ऑफर सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थेची आहे, एक वर्षाचं कंत्राट, वाढू शकतं म्हणतात. काम कराराच्या मसुद्यांवर मंत्रालयाला टिपणं देण्याचं. बायकोची ठाण्यात शाळेत नोकरी आहे. सनदीचं कोणी बोललंच नाही.

मस्जिदबंदर:
कंत्राट! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. बार कौन्सिलचा नियम ४९ वाचा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस बंद. म्हणून करारात पूर्णवेळ पगारी कर्मचारी लिहिलंय की मानधनावर सल्लागार, ते आजच बघा. तुमच्या चालू केसेस कोण बघणार? अशील वर्षभर थांबत नसतं.

पार्लेकर_आजोबा:
परीक्षा दिली असती तर सनदीचा प्रश्नच आला नसता.

तीन_तारे:
आजोबा, त्याला परीक्षा द्यायचीच नाही.
अधांतरी, त्यांना एकच विचारा: टिपण करारातल्या कोणत्या प्रकरणावर? वस्तूंवरचं शुल्क आणि उत्पत्तीचे नियम मिळणार असतील तर जा. तुझा सीमाशुल्काचा अनुभव तिथे कामी येईल, आणि वर्षाने कंत्राट सुटलं तरी त्या ज्ञानावर मुंबईत अशील मिळेल. सेवाक्षेत्र किंवा डिजिटल व्यापारावर बसवणार असतील तर पुन्हा श्रीगणेशा.

अधांतरी_वकील:
आत्ता करार उघडला. "कन्सल्टंट" लिहिलंय, पण रोज साडेनऊ ते सहा हजेरी आणि दुसरं काम घ्यायला मनाई. ह्याला काय म्हणायचं? कोणत्या प्रकरणावर बसवणार ते फोनवर विचारलं, "रुजू झाल्यावर ठरेल" म्हणाले.

मस्जिदबंदर:
बार कौन्सिलला लेखी विचारा, तोंडी नको. आणि पैसे किती देतायत हे अजूनही सांगितलं नाहीत.