टांझानिया सफारी + झांझिबार, जूनमध्ये, सोबत आईबाबा आणि ९ वर्षांची लेक: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे. मी, नवरा, लेक (९ वर्षं), आई (६६) आणि बाबा (७१) असे पाच जण टांझानियाला जायचं म्हणतोय. हा बेत खरंतर बाबांसाठी आहे. ताडोबा, पेंच, नागझिरा करत त्यांचं आयुष्य गेलं, प्रत्येक फेरीत काय दिसलं ते तारखेसकट वहीत लिहितात, आणि त्या वहीच्या शेवटच्या पानावर कितीतरी वर्षांपासून फक्त 'सेरेंगेटी' एवढंच लिहिलेलं आहे. मागच्या वर्षी ते पान मला दिसलं आणि तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे.

सगळ्यात आधी घोळ सुट्ट्यांचा. एप्रिल-मेमध्ये तिथे मोठा पाऊस, 'मासिका' म्हणतात त्याला, रस्ते चिखलाचे होतात आणि बरेच कॅम्प बंदच असतात. दिवाळीच्या सुट्टीत छोटा पाऊस, ख्रिसमसला दर परवडत नाहीत, आणि फेब्रुवारीत एन्डुटूकडे (सेरेंगेटीच्या दक्षिणेला) विल्डबीस्टची, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांची, पिल्लं जन्मतात ते बघायला फार आवडलं असतं पण शाळा बुडवायची नाहीये. मग लक्षात आलं की आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा मोकळा मिळतो आणि तिथे तेव्हा कोरडा मोसम सुरू झालेला असतो. विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते क्रॉसिंग जुलैच्या शेवटाकडे जोर धरतं हे माहीत आहे, ते सोडलं तरी चालेल. जूनमध्ये कोणी गेलंय का? गवत उंच असल्यामुळे प्राणी दिसायला त्रास होतो का?

दुसरी काळजी बाबांच्या कमरेची. गेल्या डिसेंबरात ताडोबाला जिप्सीत त्यांनी पुढचा दांडा इतका गच्च धरला होता की उतरल्यावर दोन्ही तळहातांवर लाल वळ उठलेले, आणि तरी 'मस्त झाली राइड' म्हणत होते. आता एका एजंटने दिलेला प्लॅन बघा: अरुशाहून निघून एका दिवसात थेट सेरेंगेटी, दोन रात्री, आणि त्याच रस्त्याने परत. सेरोनेरापर्यंतच (सेरेंगेटीचा मधला भाग) सव्वातीनशे किलोमीटर आहेत, त्यातला शेवटचा बराच भाग कच्चा, म्हणजे सात-आठ तास गाडीत. मी विचारलं की मध्ये मुक्काम टाका ना, तर म्हणे सगळे असंच करतात. फोन ठेवल्यावर खूप राग आला, कारण बाबांचं वय पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलेलं होतं.

म्हणून मी स्वतःच असं मांडलंय:

दार-एस-सलाममार्गे अरुशा, एक रात्र नुसता आराम. मग तरंगिरेत एक रात्र (हत्ती आणि बाओबाबची झाडं, आईला झाडांचं वेड आहे). मग करातू गावात दोन रात्री आणि तिथून एन्गोरोन्गोरो क्रेटर (जुन्या ज्वालामुखीचं प्रचंड विवर, आत प्राणी). मग सेरोनेराला तीन रात्री, आणि परतीचा रस्ता पूर्ण टाळून तिथल्याच धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबार. विमानात माणशी १५ किलो आणि मऊ बॅगच चालते, त्यामुळे आईला लाडू-चिवड्याचे डबे कमी कर म्हणून आत्तापासून सांगतेय.

क्रेटरबद्दल विचारायचंय. वरचा कडा साधारण २३०० मीटरवर, आत उतरायचं म्हणजे सहाशे मीटर खाली, सकाळी धुकं आणि जूनमध्ये चांगलीच थंडी. गेंडा दिसण्याची शक्यता याच ठिकाणी जास्त म्हणून ते सोडवत नाही. पण उताराचा रस्ता कमरेला झेपेल का? लँडक्रूझरमध्ये मधल्या सीटवर धक्के कमी बसतात हे खरं का?

तिसरं, पिवळ्या तापाची लस. नैरोबी किंवा अदिसमार्गे तिकीट स्वस्त पडतंय, पण केनिया आणि इथिओपिया दोन्ही पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत, आणि आमचे डॉक्टर म्हणाले साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घ्यायची तर धोका जास्त, उगाच घेऊ नका. म्हणून मुंबईहून थेट दार-एस-सलामचं विमान घ्यायचं ठरवतेय, पैसे जास्त गेले तरी चालतील. थेट गेलेल्यांना जाताना-येताना लसीचं कार्ड मागितलं का, तेवढा अनुभव सांगा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्यात, तो प्रश्न मिटला.

झांझिबारला चार रात्री. आधी पाजे बघत होते, फोटो सुंदरच आहेत, पण पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका आत जातो की पोहायला पाणीच उरत नाही, आणि जूनमध्ये 'कुसी' वारा त्याच बाजूने येतो. उत्तरेला केन्द्वा-नुंग्वीला हा त्रास कमी, म्हणून तिकडे तीन रात्री आणि शेवटची स्टोन टाऊनला. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तिथला जन्मलेला आणि शिकला आपल्या पाचगणीत, हे कळल्यापासून नवऱ्याला ते घर बघायचंच आहे. आई शाकाहारी आहे, फोरोधानीच्या रात्रीच्या बाजारात तिला काय मिळेल? उरोजो म्हणून आंबट सूप असतं भजी घातलेलं, ते बिनमटणाचं करून देतात का?

व्हिसा ऑनलाइन (५० डॉलर) आणि झांझिबारचा वेगळा सक्तीचा विमा (मोठ्या माणसाला ४४ डॉलर) हे बजेटमध्ये धरलंय. प्लास्टिकच्या पिशव्यांना तिथे बंदी आहे, नवीन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

अपडेट: एवढ्या पटकन उत्तरं आली, मनापासून आभार. ज्यांनी गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्सेत्से माशा त्यावर येतात असं सांगितलं त्यांचे विशेष, बाबांचं आवडतं जॅकेट नेमकं गडद निळं आहे, आता खाकी घेतेय. क्रेटरचं तुमचं वाचून असं ठरवलंय की पूर्ण दिवस न करता सकाळी लवकर उतरायचं आणि दुपारच्या जेवणाला वर यायचं. कमरेचा प्रश्न मात्र अजून उघडाच आहे, सत्तरीच्या पुढच्या कोणाला घेऊन गेला असाल तर कृपया लिहा, ॲडव्हान्स या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा आहे.

बाबांनी वहीत नवीन पान काढलंय. सिम्बा (सिंह), टेम्बो (हत्ती), ट्विगा (जिराफ), चुई (बिबट्या), किफारू (गेंडा) अशी स्वाहिली नावं एकाखाली एक लिहिलीत आणि प्रत्येकापुढे तारखेसाठी जागा सोडलीय.