पाळणाघराची फी ५ तारखेपर्यंत आली नाही तर दंड घ्यावा का?

पाळणाघरवाली (डोंबिवली)

गेली काही वर्षं घरीच पाळणाघर चालवते. सध्या ९ मुलं आहेत, दीड वर्षाच्या बाळापासून पाचवीतल्या मुलीपर्यंत. पूर्ण दिवसाचे ६,००० आणि शाळा सुटल्यावर येणाऱ्यांचे ३,५०० घेते. फी महिन्याच्या सुरुवातीला, आगाऊ. प्रवेशाच्या वेळी हे स्वच्छ सांगते आणि सगळे "हो हो, काहीच प्रश्न नाही" म्हणतात. प्रत्यक्षात ५ तारखेपर्यंत निम्म्या मुलांची फी जमा होते. बाकीची १२ला, १५ला, एका घरची तर २० उलटल्यावर.

माझ्याकडे मदतीला येणाऱ्या ताईंचा पगार १ तारखेला द्यावाच लागतो, त्यावर त्यांचं घरभाडं जातं. दूधवाला, भाजी, सिलेंडर कुणी थांबत नाही. मागच्या दोन महिन्यांत ताईंचा पगार मी घरखर्चातून दिला.

खरा त्रास मागण्याचा आहे. संध्याकाळी साडेसातला आई लोकलमधून उतरून धावत येते, मूल तिला बिलगतं, चपला उलट्या घालायला लागतं. त्या क्षणी "या महिन्याची फी राहिलीय" हे माझ्या तोंडून निघत नाही. मग रात्री व्हॉट्सॲप करते. निळ्या टिका लगेच दिसतात. उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, "काकू, संध्याकाळी नक्की करते." ती संध्याकाळ आठवडाभर येत नाही.

जूनपासून नियम करायचा विचार आहे: ५ तारखेनंतर दिवसाला ५० रुपये, आणि १५पर्यंत फी आली नाही तर १६पासून मूल घेणार नाही. घरचे म्हणतात माणसं तुटतील. मला वाटतं नियम हवाच. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

लेकीचा बाबा (ठाणे)

माझा विरोध आहे, आणि मी वेळेवर फी भरणाऱ्यांतला आहे.

तुमची ५ तारीखच मुळात चुकीची आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा असं कायदा सांगतो. १९३६च्या वेतन कायद्यात तर १,००० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना १० तारखेपर्यंत मुभा होती. म्हणजे मालकाने कायदा पाळला तरी पालकाच्या हातात पैसे ७ला येणार आणि तुम्ही ६पासून दंड लावणार. माझी बायको खासगी रुग्णालयात कंत्राटी नर्स आहे. तिचा पगार १० ते १२च्या दरम्यान कधीही होतो. तिने कुणाला दंड लावायचा?

ज्यांच्याकडे पैसे असून आळस आहे, त्यांना ५० रुपयांचं काहीच वाटणार नाही. ज्यांच्याकडे खरंच नाहीत, त्यांच्या अंगावर तो बसेल.

हिशेबवही

वरचा प्रतिसाद मनापासून लिहिलाय, पण पटला नाही. विजेचं बिल उशिरा भरलं तर आकार लागतो. सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर व्याज लागतं, शाळेची फी चुकली तर दंड लागतो. तिथे कुणी मालकाच्या पगाराची तारीख सांगत बसत नाही, उसने घेऊन भरतात. पाळणाघरालाच का थांबवायचं? कारण ती बाई घरातच असते, तिला काय एवढा खर्च, ही समजूत. घरातलं काम म्हणजे फुकटचं काम हे आपल्या अंगात मुरलंय. दहा-अकरा तास मूल सांभाळणाऱ्या बाईचा पैसा यादीत शेवटचा असतो, याची चीड यायला हवी.

ताई, दंड लावा. आणि मागताना संकोच करू नका, तो तुमचा पगार आहे.

खिडकीजवळची

दंड लावण्याआधी एक माहीत असावं. इस्रायलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांवर एक अभ्यास झाला होता. तिथे अडचण फीची नव्हती, मुलाला न्यायला उशिरा येण्याची होती. सहा पाळणाघरांत १० मिनिटांहून जास्त उशीर झाला तर १० शेकेल दंड सुरू केला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोघांनी ते २०००मध्ये प्रसिद्ध केलं. आधी लोकांना थांबणाऱ्या बाईंची लाज वाटायची. दंड आल्यावर तो उशिराचा भाव झाला, भरला की विषय संपला.

तुमच्याकडेही हेच होईल. आज १२ तारखेला पैसे पाठवणारी आई निदान "सॉरी काकू" म्हणते. उद्या ३५० रुपये जास्त पाठवेल आणि मान वर करून जाईल.

पाळणाघरवाली (डोंबिवली)

खिडकीजवळची, हे माहीत नव्हतं, पण माझ्या प्रश्नाला ते पूर्ण लागू पडत नाही. उशिरा न्यायला येण्याबद्दल मी कधीच पैसे घेतले नाहीत आणि घेणारही नाही. पावसात ठाण्याच्या पुढे गाडी अडकली तर ती आई काय करणार? अशा रात्री मुलांना वरणभात भरवून झोपवलंय, त्यात काही विशेष नाही. फी उशिरा येणं वेगळं. ते पैसे मी आधीच खर्च केलेले असतात. "सॉरी काकू"ने ताईंचं घरभाडं भरत नाही.

कोर्टाच्या पायरीवरून

वकिली करते म्हणून दोन शब्द. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७४प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. त्यामुळे रोज वाढत जाणारे ५० रुपये कागदावर चांगले दिसत नाहीत. ६,००० च्या फीवर २० दिवसांत १,००० होतात. त्यापेक्षा एकरकमी १५०-२०० ठेवा, तेही लेखी. अर्थात एवढ्या पैशांसाठी कोर्टात कुणी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका.

खरं संरक्षण अनामत रकमेत आहे. प्रवेशाच्या वेळी एक महिन्याची फी घ्या आणि मूल सोडताना शेवटच्या महिन्यात वळती करा. उशीर झाला तरी तुमचा खिसा रिकामा राहत नाही, आणि महिनाभर थकवून फोन न उचलणारे पालक बुडवूनही जाऊ शकत नाहीत. मी माझ्या मुलासाठी अशी अनामत दिली होती, कधी खटकलं नाही.

बालवाडीतल्या बाई

दंडाचं ज्याचं त्याने ठरवावं. "१६पासून मूल घेणार नाही" हे मात्र करू नका, हात जोडून सांगते.

बालवाडीत मी हे पाहिलंय. संस्थेने फी थकलेल्या मुलांना दारातून परत पाठवायचं ठरवलं होतं. चार वर्षांचा मुलगा, पाठीवर दप्तर, आत त्याच्या मित्रांची प्रार्थना सुरू झालेली. त्याने दप्तर काढून खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "मी आज काही सांडणार नाही." आपण काहीतरी केलं म्हणून आत घेत नाहीत, असं त्याला वाटलं. मुलांना पैशाचा हिशेब कळत नाही, दार बंद झालेलं कळतं.

आणि तुम्ही नाही घेतलं तर ते मूल जाणार कुठे? आई कामावर जाणारच. शेजारच्या मोठ्या मुलीच्या भरवशावर ठेवेल, किंवा कुलूप लावून जाईल. पालकांना महिन्याची नोटीस द्या, "या महिन्यानंतर जागा ठेवता येणार नाही" असं तोंडावर सांगा. पण ज्या दिवशी मूल उंबऱ्यात उभं आहे त्या दिवशी ते आत आलंच पाहिजे.

हिशेबवही

बाई, हे ऐकायला बरं वाटतं, पण मग नियमाला धार कुठे राहिली? मूल आत येणारच हे एकदा कळलं की पैसे आणखी मागे पडतात. दरवेळी बाईनेच मुलाचा विचार करायचा आणि आईबापांनी नाही? दप्तर घेऊन त्याला दारात आणून उभं करणारे कोण होते?

नाशिकची आई

मला दुसरी बाजू मांडायची आहे. आमच्या पाळणाघरात गणपतीत ५ दिवस, दिवाळीत ८ दिवस सुट्टी, फी पूर्ण. मे महिन्यात मुलगा आजोळी, तरी फी पूर्ण, कारण "जागा राखून ठेवली". काकू आजारी पडल्या की सकाळी साडेआठला मेसेज, आज बंद. माझी रजा जाते. मी कधी पैसे कापले नाहीत. पण एका महिन्यात ६ दिवस उशीर झाला तर मला दंड? वेळेची शिस्त दोन्हीकडून असू द्या. तुमच्या कागदावर पालकांनी काय करायचं हे लिहाल, तसं तुम्ही काय करणार हेही लिहा: सुट्ट्या आधी कळवणार, मेमध्ये अर्धी फी, अचानक बंद ठेवलं तर त्या दिवसाचे पैसे परत.

कंपनीतली

एक बारीक मुद्दा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं मालकावर बंधनकारक आहे. माझ्या कंपनीत पाळणाघर नाही, फीचे पैसे पगारासोबत परत देतात. पण त्यासाठी पावती लागते आणि घरगुती पाळणाघरं पावती देत नाहीत. पावती मिळेपर्यंत मंजुरी अडते. ताई, फी आली की त्याच दिवशी शिक्क्याची पावती द्या. तुमच्या उशिराच्या पालकांत माझ्यासारखी एखादी असू शकेल.

पाळणाघरवाली (डोंबिवली)

सगळं दोनदा वाचलं. पावतीपुस्तक उद्याच आणते, हे मला सुचायला हवं होतं असं कुणी म्हणायच्या आत.

५ची तारीख ८ करते. पगाराचा मुद्दा खरा आहे. अनामत नव्या प्रवेशांना पूर्ण, जुन्यांकडून चार हप्त्यांत. नाशिकच्या ताई, मेमध्ये अर्धी फी मला परवडत नाही, मदतनीस ताईंना त्या महिन्यातही पूर्ण पगार द्यावा लागतो. पाऊण फीपर्यंत येते. अचानक बंद ठेवलं तर त्या दिवसाचे पैसे परत, हे मान्य.

दारात आलेलं मूल परत पाठवणार नाही. बाईंचं वाचल्यावर तो नियम काढला. पण दंड ठेवतेय, एकरकमी २००, आणि ज्याला उशीर होणार त्याने ८च्या आत स्वतः कळवलं तर तोही नाही. मागण्याचं काम माझ्याकडून पालकांकडे जावं एवढाच हेतू आहे.

लेकीचा बाबा (ठाणे)

८ तारीख आणि आधी कळवायची सोय, दोन्ही चांगलं केलंत. दंड मला आजही मान्य नाही. माझ्या लेकीच्या पाळणाघरात उद्या असा कागद आला तर सही करीन, आणि बायकोचा पगार १२ला होणार असेल त्या महिन्यात १ तारखेलाच कळवीन. पण त्या काकूंना हेही सांगीन की ताईंचा पगार अडत असेल तर मला त्याच दिवशी फोन करा, महिनाअखेरीपर्यंत मनात ठेवू नका.