विषय: लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचं पैसे भरून मिळणारं लाउंज (विमानाची वाट बघायची खास जागा): आईबाबांसाठी घ्यावं का?

हॅरोहून:

नमस्कार मंडळी, आईबाबा टर्मिनल २ वरून एअर इंडियाने मुंबईला परततायत. सकाळी १० च्या सुमाराचं विमान, दोघांना व्हीलचेअर सांगितली आहे, आई कांदा-लसूण खात नाही. लाउंजमध्ये नेमकं काय मिळतं? बाबांचं भारतातलं बँक कार्ड चालेल का?

स्लावहून:

ताई, आधी वेळेचा हिशेब मांडा. बॅगा घेणारा काउंटर साधारण तीन तास आधी उघडतो, म्हणजे ७ ला. बॅगा आणि सुरक्षा तपासणी आटपून पावणेआठ. लाउंज मुख्य इमारतीत, आणि गेट बी कडे (म्हणजे वेगळ्या इमारतीत) लागलं तर जमिनीखालच्या बोगद्याने जावं लागतं. सरकते पट्टे आहेत, तरी धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं. व्हीलचेअरला लिफ्टची वाट बघावी लागते ती वेगळी. म्हणजे ९ ला उठायचं. हाती उरला सव्वा तास आणि दोघांचे मिळून ऐंशी पौंडांच्या आसपास. माझं मत विचाराल तर सकाळच्या विमानाला परवडत नाही.

मिळतं काय? बसायला खुर्ची, प्लग, वायफाय, कॉफीचं मशीन, बिअर-वाईन, गरम पदार्थांची तीनचार भांडी. शॉवर असला तर बहुतेकदा वेगळे पैसे. झोपायला जागा नाही आणि सकाळच्या गर्दीत शांतताही नाही. सकाळी न्याहारीच असते: अंडी, सॉसेज, बेक्ड बीन्स, मशरूम, हॅश ब्राउन. यातलं शाकाहारी दिसतं तेही जपून घ्या. सॉसेजचा चिमटा बिनदिक्कत मशरूमच्या ट्रेमध्ये पडलेला असतो. हॅश ब्राउनमध्ये कांदा असू शकतो, सूप चिकनच्या पाण्यातलं असू शकतं, जेलीत जिलेटिन (ते प्राण्यांपासून बनतं). आईंसाठी खात्रीचं म्हणजे टोस्ट-लोणी, फळं, साधं दही, चहा. त्यापेक्षा दशम्यांचा डबा बरा (चटणी कोरडी द्या).

मिल्टन कीन्सहून:

व्हीलचेअरचं एक कुणी सांगत नाही. ती मदत विमानतळाची, लाउंजची नव्हे. वेगळं सांगितलं नाही तर मदतनीस थेट मदतकक्षाच्या प्रतीक्षाजागेत नेऊन बसवतो. लाउंजला जायचं असेल तर त्याला लाउंजचं नाव आणि परत न्यायला यायची वेळ दोन्ही सांगा, आणि लाउंजच्या काउंटरवरही तीच वेळ सांगून ठेवा. आत विमानांची घोषणा सहसा होत नाही, फक्त विमानांच्या वेळा दाखवणारा स्क्रीन असतो. चष्मा बॅगेत राहिला आणि मदतनीस विसरला की दोघं निवांत बसून राहतात आणि तिकडे गेट बंद होतं. मदतीची नोंद एअरलाइनकडे किमान ४८ तास आधी झाली आहे ना, तेवढं पाहा.

कार्डाबद्दल: भारतातल्या कार्डांवर ‘लाउंज फ्री’ असतं ते बऱ्याचदा भारतातल्या ठरावीक लाउंजपुरतं, आणि तेही आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तर. परदेशात चालणारं असलं तर सोबत प्रायॉरिटी पाससारखं (अनेक देशांतल्या लाउंजच्या सदस्यत्वाचं) वेगळं कार्ड किंवा क्यूआर लागतो. एका पासवर एकच माणूस, दुसऱ्याचे पैसे नंतर कार्डावर पडतात. शिवाय आत जागा कमी असली की पासवाल्यांना दारातूनच परत पाठवतात, आधी पैसे भरून जागा धरलेल्यांना घेतात.

स्लावहून:

बरोबर. अजून दोन गोष्टी. बुकिंग करताना टर्मिनल २ च निवडा, तपासणीनंतर दुसऱ्या टर्मिनलच्या लाउंजला जाता येत नाही. आणि दोन तासांचं बुकिंग विमान लेट झालं म्हणून आपोआप वाढत नाही, जादा वेळेचे पैसे पडतात. पैसे वसूल व्हायचे तर दिल्लीला किंवा दुबईला पाचसहा तासांचा मुक्काम असेल तेव्हा. आईबाबांचं विमान थेट मुंबईला आहे की दिल्लीवरून?

हॅरोहून:

दिल्लीवरून, मध्ये साडेपाच तास. मग हीथ्रोला डबा आणि दिल्लीला लाउंज बघते.